मनोरुग्ण वॉर्डात साथ शिरली की काय बघायचं, काय मोजायचं

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 30 खाटांचं मनोरुग्ण केंद्र आहे. कोविडच्या काळात तिथे बरीच तारांबळ झाली. पुन्हा तशी श्वसनाची साथ आली आणि वॉर्डातच ताप सुरू झाला, तर मानसिक आजाराची औषधं चालू ठेवायची की थांबवायची? कोणाला तिथेच सांभाळायचं, कोणाला पुढे पाठवायचं? आणि जो रुग्ण खोलीत थांबायलाच तयार नाही, त्याचं काय?

औषधांचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. सरसकट बंद करणं जितकं घातक, तितकंच काही न बदलता चालू ठेवणंही. संसर्ग झाला की काही औषधांची रक्तातली पातळी चढते, आणि हीच औषधं संसर्गाची लक्षणं झाकून टाकतात. या दुहेरी भानगडीमुळे मनोरुग्ण वॉर्डात न्यूमोनिया उशिरा सापडतो.

झाकणं म्हणजे कसं? क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेल्या माणसाची नाडी एरवीही 100-110 असते, त्यामुळे ती वाढली म्हणून कोणी दचकत नाही. थरथरीसाठी प्रोप्रानोलॉल चालू असेल तर तापातही नाडी चढत नाही. गुंगीच्या गोळ्यांवर खोकल्याचा जोर कमी होतो. त्यात बरेच रुग्ण तक्रारच करत नाहीत. विचारलं तर "मले काई नाई झालं" एवढंच. तक्रार केली तरी ती वेगळ्या भाषेत येते. "रातच्याला कोणीतरी छातीवर येऊन बसते" हे वाक्य केसपेपरवर भास म्हणून लिहिलं जातं. तो आडवा झाला की लागणारा दमही असू शकतो. म्हणून साथीच्या काळात अशा प्रत्येक वाक्यावर आधी श्वास मोजायचा, मग भासाचा विचार करायचा.

श्वास मोजायचा तो पूर्ण 60 सेकंद, रुग्णाला न सांगता, शक्यतो तो झोपलेला किंवा टीव्हीसमोर बसलेला असताना. 15 सेकंद मोजून चारनं गुणलं तर दोन श्वासांची चूक आठ होऊन बसते. ज्या चार्टवर तिसाच्या तीस जणांचे श्वास 18 आहेत, तो चार्ट मोजलेला नसतो, उतरवलेला असतो. मिनिटाला 24 किंवा जास्त श्वास असतील तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. 30 च्या वर गेले तर गाडी बोलवायची. ऑक्सिजनची पातळी 94 च्या खाली गेली तर ऑक्सिजन सुरू करायचा आणि पुढे पाठवायची तयारी करायची. 90 च्या खाली वाट बघायची नाही. साथ चालू असताना सकाळ, संध्याकाळ आणि रात्री दहाच्या सुमारास, अशी तीनदा मोजणी हवी. जेवण अर्धवट टाकणं, एरवी बडबडणारा अचानक गप्प होणं, चांगला चालणारा भिंतीला धरून चालणं, हीसुद्धा लक्षणंच आहेत. ती पहिल्यांदा जेवण वाढणाऱ्या मावशीला दिसतात, तेव्हा तिलाही विचारायची सवय ठेवा.

पल्स ऑक्सिमीटर फसवतो हे लक्षात ठेवा. हात थरथरत असेल, बोटं गार असतील, नखांवर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा खोटा येतो. बोटावर लावून अर्धा मिनिट थांबा आणि त्यावरची नाडी मनगटाच्या नाडीशी जुळते का बघा. नाही जुळली तर दुसरं बोट, नाहीतर कानाची पाळी किंवा पायाचं बोट. पातळी 94 किंवा वर आहे पण शंका आहे, अशा रुग्णाला व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून पुन्हा बघा. तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरली तर तो बरा नाही. आधीच 94 च्या खाली असलेल्याला चालवायचं नाही.

आता ताप. विदर्भात साथ कोविडची असली म्हणून प्रत्येक ताप कोविडचा नसतो, आणि एकाच आजाराच्या चाचण्या करत बसण्यात इतर आजार सुटतात. मलेरियाची रॅपिड टेस्ट त्याच दिवशी करायची, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेला रुग्ण असेल तर हटकून. मेफ्लोक्विन मानसिक आजार असलेल्यांना द्यायचं नाही. क्लोरोक्विननं क्युटी (ईसीजीतलं एक अंतर; ते लांबलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात) लांबतो आणि क्वचित भासही होतात, त्यामुळे देताना नजर ठेवावी. पावसाळ्यात आणि त्यानंतर स्क्रब टायफसही (झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) असतो. कपडे काढून काख, जांघ, स्तनाखाली, नाडा बांधतो ती जागा बघा. चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली तर ती बिडीचा डाग समजून सोडू नका. मनोरुग्ण वॉर्डात ही चूक फार सहज होते, कारण तिथे बिडीचे डाग असतातच. डॉक्सीसायक्लीन 100 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा हा नेहमीचा उपचार, पण रुग्ण कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनवर असेल तर डॉक्सीसायक्लीन शरीरातून लवकर निघून जातं. मग अझिथ्रोमायसिन, आणि ते द्यायचं तर आधी ईसीजी.

सिकलसेलचा (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा) विचार या भागात करावाच लागतो. छातीत दुखणं, ताप आणि ऑक्सिजन खाली येणं ही तिन्ही लक्षणं सिकलसेलमधल्या छातीच्या गुंतागुंतीतही येतात, आणि न्यूमोनिया तिला चिथावतोही. दाखल होतानाच सोल्युबिलिटी टेस्ट करून निकाल केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर ऐनवेळी धावाधाव होत नाही. असा रुग्ण तालुक्याला ठेवून बघायचा नसतो.

एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या पुढे गेला की उष्माघातही यात मिसळतो. ट्रायहेक्सिफेनिडिल या कडकपणा-थरथरीवरच्या गोळीनं घाम कमी येतो, अँटिसायकोटिक, म्हणजे भास-संशयावरची, औषधं शरीराची तापमान सांभाळायची ताकद कमी करतात. अंग तापलेलं, कातडी कोरडी, बडबड असंबद्ध, तापमान 40 अंशांच्या वर असेल तर आधी ओली चादर आणि पंखा. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.

पॅरासिटामॉलनं न उतरणारा दुसरा ताप अँटिसायकोटिक औषधांच्या घातक प्रतिक्रियेचा, म्हणजे एनएमएसचा. साथीच्या गडबडीत तो हमखास कोविडच्या खात्यात जमा होतो. म्हणून तापाच्या प्रत्येक रुग्णाचा हात हातात घ्या, कोपर सावकाश वाकवा आणि सरळ करा. नेहमीच्या औषधी कडकपणात हात दातेरी चाकासारखा अडखळत वळतो. एनएमएसमध्ये शिशाचा पाइप वाकवल्यासारखा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा विरोध लागतो. बरोबर घामानं निथळणं, रक्तदाब कधी वर कधी खाली, शुद्ध ढगाळ. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासा, आकडा हजारात गेला तर शंका पक्की धरा. दोन दिवसांत दंडावर इंजेक्शनं झाली असतील तर सीके काही शेकड्यांनी वाढतोच, तेवढ्यावर घाबरू नका. एनएमएस वाटला तर अँटिसायकोटिक त्याच क्षणी बंद, अंग गार करणं, सलाइन, लोराझेपाम आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी रवानगी. कोविड पॉझिटिव्ह आला म्हणून एनएमएस नाही असं होत नाही; दोन्ही एकत्र असू शकतात.

क्लोझापिनवर जरा सविस्तर बोलायला हवं. संसर्गाची सूज वाढली की यकृतातलं सीवायपी1ए2 हे एन्झाइम मंदावतं. क्लोझापिन मोडायचं काम याच एन्झाइमचं. म्हणजे डोस तोच, गोळ्या त्याच, पण पातळी दुप्पटही होऊ शकते. त्यात दुसरी भर बिडीची. बिडी-सिगारेटच्या धुरातल्या पदार्थांमुळे हे एन्झाइम जोरात चालतं. रुग्णाला वेगळं ठेवलं, बिडी बंद झाली की आठवड्याभरात एन्झाइमचा जोर ओसरतो आणि पातळी आणखी चढते. इथे आपल्याकडे एक घोळ होतो. केसपेपरवर नुसतं "तंबाखू" लिहिलेलं असतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्याचं एन्झाइम वाढलेलं नसतं, कारण परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नाही. तेव्हा "बिडी, रोज किती" आणि "खर्रा, रोज किती" असे दोन वेगळे रकाने हवेत. रोज बंडलभर ओढणाऱ्याची बिडी अचानक बंद झाली तर पहिल्या आठवड्यात क्लोझापिन साधारण एक चतुर्थांशानं कमी करावं लागतं. खर्रा बंद झालेल्याचं त्या कारणासाठी कमी करायचं नाही. दोघांचीही चिडचिड मात्र होणार. निकोटिनची 2 मि.ग्रॅ.ची च्युइंगम द्या. तिनं क्लोझापिनच्या पातळीला काही होत नाही, आणि निम्मी भांडणं मिटतात.

ताप आलेल्या क्लोझापिनवरच्या रुग्णाचं पहिलं काम म्हणजे त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची मोजणी, त्यातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या आकड्यासह. न्यूट्रोफिल 1500 च्या खाली असतील तर क्लोझापिन थांबवा आणि रक्ततज्ज्ञ जिथे असतील तिथे बोला. कोविडमध्ये लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी घटतात आणि एकूण आकडा त्यामुळेही कमी दिसतो, म्हणून नुसत्या एकूण आकड्यावर निर्णय घेऊ नका. न्यूट्रोफिल ठीक आहेत, पण ताप आहे आणि गुंगी वाढली, लाळ उशीभर गळते, अंगाला झटके येतात, पाय लटपटतात, तर डोस निम्म्यापर्यंत खाली आणायचा. ताप पूर्ण उतरून तीन दिवस झाले की हळूहळू पूर्वीच्या डोसवर यायचं. पातळी मोजायची सोय तालुक्याला नसते, म्हणून ही लक्षणंच आपली प्रयोगशाळा. बद्धकोष्ठाकडेही बघा. आजारी माणूस पाणी कमी पितो, पडून राहतो, आणि क्लोझापिननं आतडं आधीच सुस्त असतं. दोन दिवस शौचाला झाली नाही तर जुलाबाचं औषध द्या, पोट फुगून उलटी झाली तर सर्जनला दाखवा. क्लोझापिन नुकतंच सुरू केलेलं असेल, म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांत, तर ताप आणि धडधड हृदयाच्या सुजेचीही असू शकते. ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्तचाचणी) आणि ईसीजी विसरू नका.

क्लोझापिनवर सिप्रोफ्लॉक्सासिन देऊ नका, त्यानंही तेच एन्झाइम अडतं. 2021 मध्ये फ्लुवॉक्सामिन कोविडवर चालतं का याचे प्रयोग झाले आणि काही ठिकाणी ते लिहिलंही जाऊ लागलं. क्लोझापिनबरोबर ते दिलं तर पातळी कित्येक पटींनी चढू शकते. बाहेरच्या फिजिशियनची चिठ्ठी आली तरी ही दोन नावं आधी शोधा.

लिथियम या मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या औषधाचं गणित वेगळं, ते पाण्याचं आणि मिठाचं आहे. ताप, घाम, जुलाब, उलटी, न जेवणं, यातलं काहीही झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. त्यावर अंगदुखीसाठी कोणी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिलं की विषबाधा ठरलेलीच. वॉर्डच्या ट्रॉलीतून ही दोन्ही औषधं साथीपुरती उचलून ठेवलेली बरी. तापाला पॅरासिटामॉल 500 किंवा 650 मि.ग्रॅ. दर सहा तासांनी पुरतं. रुग्ण नीट पीत-खात असेल तर लिथियम चालू ठेवा, एक पाकीट ओआरएस एक लिटर पाण्यात करून पाजत राहा आणि पातळी तपासा. जुलाब-उलट्या असतील तर लिथियम थांबवा आणि पातळी, क्रिएटिनिन, सोडियम पाठवा. बोटांची बारीक थरथर नेहमीचीच असते. चहाचा कप सांडावा इतकी मोठी थरथर, जड जीभ, दारू प्यायल्यासारखी चाल ही विषबाधा समजा, अहवाल यायची वाट बघू नका. 1.5 च्या वर पातळी धोक्याची, पण जुन्या रुग्णाला याहून कमी पातळीतही लक्षणं येतात.

पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घ्यायचं, आणि हिरव्या टोपणाच्या नळीत कधीही नाही. बऱ्याच हिरव्या नळ्यांमध्ये लिथियम हेपारिन असतं, त्यामुळे लिथियम न घेणाऱ्याचीही पातळी चढलेली दिसते. लाल टोपणाची साधी नळी वापरा. लिथियम थांबवलं तर पुन्हा सुरू करायची तारीखही तेव्हाच केसपेपरवर टाका. ते एकाएकी बंद होऊन विसरलं गेलं की तीन आठवड्यांनी रुग्ण उन्मादात येतो आणि सगळे म्हणतात, कोविडनं डोक्यावर परिणाम झाला.

बाकीची औषधं थोडक्यात. व्हॅल्प्रोएटवर (फिट आणि उन्मादावरचं औषध) मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि फिट येऊ शकते. डोस वाढवून ती सावरत नाही, अँटिबायोटिक बदलावं लागतं. निरमॅट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर ही कोविडवरच्या औषधांची जोडी कार्बामाझेपिन, फेनिटॉइनबरोबर चालत नाही, क्लोझापिनबरोबरही टाळावी, आणि क्वेटियापिनची पातळी तिनं धोकादायक वाढते. एसएसआरआयवर (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक गट) लिनेझोलिड हे अँटिबायोटिक देऊ नका. हॅलोपेरिडॉल, सिटॅलोप्राम, अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑन्डॅनसेट्रॉन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या सगळ्यांनी क्युटी लांबतो. एकटं औषध सहसा निभतं, पण जुलाबानं पोटॅशियम घसरलेलं असताना त्यातली तीन एकत्र आली की हृदय थांबू शकतं. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्युटी 500 मिलिसेकंदांच्या वर असेल तर यातलं काही द्यायचं नाही. लांब परिणामाचं इंजेक्शन, म्हणजे डेपो, तापात नव्यानं सुरू करू नका. टोचलेलं परत काढता येत नाही.

रुग्ण अचानक बिथरला तर आजार बळावला असं लगेच ठरवू नका. वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. एरवी भासांमध्ये बुडालेला माणूसही बहुधा हे म्हणतो. जो बुधवारशी अडकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, सकाळी बरा आणि रात्री भरकटतो, त्याला डेलिरियम, म्हणजे शारीरिक कारणानं आलेला गोंधळ, आहे. तिथे कारण शोधा: ऑक्सिजन, साखर, तुंबलेली लघवी, लिथियम. दाखल होऊन दोन-तीन दिवस झालेला आणि रोज दारू, मोहाची असो की देशी, पिणारा असेल तर दारू सुटल्याचा कंप धरा. तिथे लोराझेपाम आणि थायामिन लागतंच, आणि थायामिन ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. बाकी डेलिरियममध्ये लोराझेपामनं गोंधळ वाढतो, हॅलोपेरिडॉल 0.5 ते 1 मि.ग्रॅ. इतका छोटा डोस पुरतो.

ऑक्सिजन 94 च्या खाली असताना झोपेचं इंजेक्शन देणं म्हणजे उरलासुरला श्वासही कमी करणं. तरीही द्यावंच लागलं, कारण कधी कधी लागतं, तर कमीत कमी डोस आणि पहिला तासभर दर 15 मिनिटांनी श्वास आणि ऑक्सिजन. ओलान्झापिन आणि लोराझेपाम दोन्ही इंजेक्शनं एकत्र नकोत. पालथं झोपवण्याचा उपाय जागा, सहकार्य करणाऱ्या रुग्णासाठी आहे. बांधलेल्या किंवा गुंगीतल्या माणसाला पालथं घालायचं नाही, त्यात तो गुदमरून मरू शकतो.

वेगळं ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 97 एकांत कोठडीला मनाई करतं, आणि बांधून ठेवणं फक्त तात्काळ धोका टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं आणि गरजेपुरतंच. संसर्ग आहे हे बाहेरून कडी लावायचं कारण होत नाही. व्यवहारात दार उघडं, दाराशी खुर्ची टाकून एक माणूस, आणि तो रोज तोच. बाहेर येणाऱ्याला परत नेणं सोपं जातं ते आत काहीतरी असेल तर: रेडिओ, पत्ते, ठरल्या वेळी चहा, घरच्यांशी व्हिडिओ कॉल. संशयित आणि पॉझिटिव्ह एका खोलीत कोंबू नका. तीन पॉझिटिव्ह एकत्र ठेवले तर चालतं, आणि एकटं ठेवण्यापेक्षा ते बरंच. पीपीई घातलेला माणूस संशयी रुग्णाला यमदूतच वाटतो. छातीवर ठळक मराठीत नाव आणि जमलं तर फोटो चिकटवा, आणि आत जाण्याआधी दुरून मास्क न लावता चेहरा दाखवा. स्वतःला इजा करण्याचा धोका असलेल्याला नाकाची तार असलेला मास्क देऊ नका.

संसर्ग पसरतो तो मुख्यतः बंद हवेतून. फेब्रुवारी 2020 मध्ये दक्षिण कोरियातल्या चोंगडोच्या रुग्णालयात बंद मनोरुग्ण वॉर्डातले शंभराच्या आसपास, म्हणजे जवळपास सगळे रुग्ण बाधित झाले. आपल्याकडे एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेला आणि बाहेरची हवा ओढणारा कूलर समोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर वॉर्डची हवा बदलत राहतो. तोच कूलर खोलीच्या मधोमध ठेवला की आतलीच हवा सगळ्यांच्या तोंडावर फिरवतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, नाहीतर कोविड टाळताना डेंग्यू येईल. खाटांमध्ये किमान एक मीटर, आणि एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय. माठावरचा एकच पेला काढून दांडीचं ओगराळं ठेवा, प्रत्येकाचा पेला नावाचा. एक बिडी चौघांत फिरते, खर्र्याची पन्नी सहा जणांत. निकोटिनची सोय केल्याशिवाय हे नुसतं ओरडून थांबत नाही.

सॅनिटायझरची बाटली वॉर्डात टांगायची नाही. एप्रिल 2021 मध्ये याच जिल्ह्यात, वणीला, सॅनिटायझर प्यायल्यानं सात जण दगावले. रुग्णांसाठी साबण-पाणी, कर्मचाऱ्यांसाठी खिशातली छोटी बाटली. फरशीसाठी ब्लीचिंग पावडर लिटरला 30 ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला 300 ग्रॅम, रोज ताजं. संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. बादली कुलपात.

ऑक्सिजनचा हिशोब पाठ असावा. मोठ्या डी प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर, छोट्या बी मध्ये 1500. मिनिटाला 5 लिटरनं मोठा 23 तास, छोटा 5 तास. वणी किंवा पुसदहून नागपूरला निघताना रस्त्याच्या वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत हवा. कॉन्सन्ट्रेटर असेल तर लाइट गेल्यावर काय, ते आधी ठरवा. ऑक्सिजनची नळी गळ्याभोवती आवळता येते आणि सिलिंडरची चावी डोक्यात घालता येते, त्यामुळे ऑक्सिजनवरचा रुग्ण नजरेआड नको. त्या खोलीत माचिस नाही. गादीखाली, बनियनच्या आत हात घालून खात्री करा.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड 6 मि.ग्रॅ. रोज, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि फक्त ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. हे साधारण 40 मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनएवढं होतं, उन्माद चिथावायला पुरेसं. सकाळी द्या, म्हणजे झोप उडणार नाही. ओलान्झापिन किंवा क्लोझापिनवर असलेल्याची साखर आधीच वर असते; दिवसातून निदान दोनदा तपासा. 2021 मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) अशाच वाढलेल्या साखरेवर पोसला गेला. पडून असलेल्या, कॅटॅटोनियातल्या (हालचाल-बोलणं थिजलेल्या) किंवा जाड रुग्णाच्या पायात गुठळी व्हायचा धोका अँटिसायकोटिकनं आणखी वाढतो. रक्तस्राव नसेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर गुठळी टाळणारं एनॉक्सापॅरिन 40 मि.ग्रॅ. रोज कातडीखाली.

लस कोणत्याही मानसिक औषधासाठी थांबवायची नसते, क्लोझापिनसाठीही नाही. आधार कार्ड नाही म्हणूनही थांबू नका. मे 2021 च्या केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये मानसिक आरोग्य संस्थांतल्या, ओळखपत्र नसलेल्या रुग्णांचा स्वतंत्र उल्लेख होता. ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार) तातडीच्या कॅटॅटोनियासाठी आणि आत्महत्येच्या तीव्र धोक्यासाठी चालू ठेवा, बाकीची पुढे ढकला.

पुढे पाठवताना "मनोरुग्ण आहे, आमच्याकडे नको" हे ऐकायला मिळतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21 नुसार मानसिक आजारामुळे शारीरिक उपचारात किंवा रुग्णवाहिकेत भेद करता येत नाही. चिठ्ठीवर ते कलम लिहा, पण त्याहून जास्त उपयोगी पडतं ते चिठ्ठीतलं बाकीचं. औषधांची नावं आणि शेवटचा डोस किती वाजता दिला, न्यूट्रोफिल आणि लिथियमचे आकडे तारखेसह, बिडी किती, देऊ नयेत अशा औषधांची यादी, नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीनं बोलायला कायद्यानुसार नेमलेल्या माणसाचा) फोन, आणि हा रुग्ण कशानं शांत होतो ती एक ओळ. "पोटभर जेवण आणि रेडिओ दिला की गडबड करत नाही" या ओळीमुळे रुग्ण तिथे टिकतो. पहिले दोन दिवस आपला एक अटेंडंट बरोबर गेला तर फारच चांगलं.

परत येतो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा "पूर्वीची औषधं चालू ठेवा" असं असतं. तिथे क्लोझापिन खरंच दिलं गेलं होतं का, हे फोन करून विचारा. 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर जुना डोस, समजा 400 मि.ग्रॅ., त्या रात्री देऊ नका. रक्तदाब कोसळून माणूस संडासच्या वाटेवर पडतो, क्वचित हृदय थांबतं. 12.5 मि.ग्रॅ.नं सुरुवात, पहिले दोन दिवस आडवा आणि उभा रक्तदाब, मग पायरी-पायरीनं वर. तोवर रात्रीची सिस्टर जुना केसपेपर बघून जुनाच डोस काढून ठेवू नये म्हणून त्या पानावर लाल पेननं आडवी रेघ मारा.